भाडेकरूला आधी सांगावं की नंतर

गडचिरोली
१२ फेब्रुवारी १९८६

रुखमा,

मायना काय लिहावा यात सगळी सकाळ गेली, म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करते.

तुझं कार्ड काल मिळालं. दीड वर्षात तुझ्या हातच्या या पहिल्या ओळी. सहाच आहेत, आणि त्यांत मी कशी आहे हे विचारलेलं नाही. ते बरोबरच आहे. शाळेमागचं लटारूचं पडकं घर तू विकत घेते आहेस, त्याच्या दोन खोल्या काढून भाड्यानं द्यायच्या आहेत. ‘तुमच्या घरी हे काम चालतं म्हणून विचारते, दुसरं काही नाही’ असं तू लिहिलंस. ‘दुसरं काही नाही’ एवढं मी तीनदा वाचलं. तर मीही कामाचंच लिहीन.

घर पाहायला गेलीस की वर पाहू नकोस. विकणारा नेहमी वरचं दाखवतो, छपराचं आडं कसं सरळ आहे, त्यावरचे कवेलू कसे नवे आहेत. बाबा म्हणतात, "घर बुडाशी पाहाचं. माथा त कोनाचाबी चांगला दिसते." प्रत्येक खांबाच्या बुडाशी बसायचं आणि लांब खिळा टोचायचा. खिळा अडला तर खांब सागाचा आणि धड आहे. पिठात शिरल्यासारखा शिरला तर आत उधईनं खाल्लं आहे, वरून कितीही तेल लावलेलं असो. आम्ही पहिलं घर घेतलं तेव्हा बाबांनी अकरा खांब टोचून पाहिले. बाराव्याला लागून विकणाऱ्याच्या म्हाताऱ्या आईची खाट होती, तिला उठवायचा संकोच वाटला. तोच पोकळ निघाला.

भिंतीच्या खालच्या हातभर भागाला हात लावून पाहा. पांढरी भुकटी हाताला लागली तर लोणा आहे, म्हणजे खारानं भिंत खाल्ली आहे. तिथे माती खरवडून नवी भरावी लागते. सिमेंट लावू नकोस. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा धरत नाही, आतली ओल अडकते आणि दुसऱ्या पावसात पापडासारखा सुटून येतो. आम्ही लावला होता. नोकरीवाल्या लोकांना सिमेंट आवडतं म्हणून मीच बाबांच्या मागे लागले होते. त्यांना ते पटलं नव्हतं. पण घरात शिकलेली मी एकटी, म्हणून माझं ऐकतात. माझं ऐकून त्यांनी काय काय केलं आहे ते आठवलं की मला जेवण जात नाही.

लटारूला भाऊ आहे का ते विचार. असेल तर त्याचीही सही घे. नमुना आठ कोणाच्या नावानं आहे ते ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन वाच, लटारू सांगतो त्यावर जाऊ नकोस. वाचता येतं ते अशाच वेळी वापरायचं, नाही तर काय उपयोग.

आणि मला वाचता येतं ते तुमच्या घरामुळे. हे लिहायचं नव्हतं, कामाचंच लिहीन म्हटलं होतं. पण आमच्या गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती, आणि तुझ्या आईनं, माझ्या बायनामायनं, तिच्या एका खोलीतला चुलीजवळचा कोपरा मला चार वर्षं दिला, हे खोडून मी तुला पत्र कसं लिहू?

मायच्या डोळ्यांचं कसं आहे?

कमळा


गडचिरोली
४ मार्च १९८६

रुखमा,

तुझं पत्र आलं. या वेळी पाकीट होतं, मला आनंद झाला. मग वाचलं.

‘मायचा डावा डोळा गेला. उजव्यानं भागतं.’ दोन वाक्यं लिहून तू लगेच कवेलूंवर गेलीस. मला त्या दोन वाक्यांच्या पुढे काही वेळ जाता आलं नाही. त्यांचं उत्तर मी इथे देत नाही. देण्यासारखं काय आहे, ते मी अजून माझ्या मनाशीच धड बोललेले नाही.

लटारूचं बोलणं तू लिहिलंस ते बाबांना वाचून दाखवलं. "मास्तरीनबाई, मी घर नाई इकून राह्यलो, पोरगी देऊन राह्यलो. संभाळून घ्या." बाबा खूप हसले. म्हणाले, "पोरगी देऊन राह्यला म्हन्ते त लगनाचा खर्च त्याच्याचकून घेजो म्हना, पोरीचे बारा दात पडले हायेत." तुझ्या घराला बारा खांब आहेत आणि सगळे बदलावे लागतील असं त्यांना वाटतं. तू मोजून कळव, म्हणजे त्यांना खरं सांगता येईल. तू मला लिहितेस हे पाहून त्यांना बरं वाटतं. मधे इतके दिवस का लिहीत नव्हतीस हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता कवेलू. जे निघतील ते फोडू देऊ नकोस. धानोऱ्याच्या कुंभाराचा आणि इथल्या कुंभाराचा साचा वेगळा असतो, एकात एक बसत नाही. म्हणून नवे घेशील ते एकाच भट्टीचे घे आणि शे-दोनशे जास्तीचे घेऊन परसात रचून ठेव. दर वर्षी मृगाआधी कवेलू उतरवून फेरावे लागतात, माकडं उड्या मारतात, तेव्हा फुटलेल्याच्या जागी त्याच साच्याचा लागतो. बांबू डेपोतून घेशील तर पावती पेटीत जपून ठेव. जंगलखात्याचा नाकेदार कधीही येऊन विचारतो.

दोन्ही खोल्यांना दारं बाहेरून वेगळी कर. एका कुटुंबाला दुसऱ्याच्या अंगणातून जावं लागलं की सहा महिन्यांत भांडण. चुलीच्या वर धुराडं ठेव, नाही तर नवा चुना एका दिवाळीत काळा. विहीर सामाईक असेल तर कोण केव्हा पाणी भरतं ते राहायला येण्याआधी सांग. गळतं कुठे तेही सांग. नवी खोली दाखवताना आपल्याला वाटतं, कशाला सांगावं, पावसाला अजून चार महिने आहेत. मी आशाबाईंना सांगितलं नव्हतं. आशाबाई आमच्या मोठ्या खोलीत राहतात, यजमान कचेरीत कारकून, वर्ध्याकडचे. जिल्हा नवीन झाला तेव्हा खोल्यांसाठी सगळे इतके फिरत होते की त्यांनी छत न पाहताच हो म्हटलं. पहिल्या पावसात त्यांच्या पाळण्यावर गळायला लागलं. "वा वो कमळाबाई, पोराच्या आंघोळीची सोय करून देल्ली तुम्ही!" असं म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण मी आठ दिवस त्यांच्यासमोर गेले नाही.

मी न सांगितलेल्या गोष्टींची यादी केली तर तुझं घर बांधून होईल तरी संपणार नाही. पण तू मला कामाचंच विचारलं आहेस.

कमळा


गडचिरोली
२४ मार्च १९८६

रुखमा,

तुझं पत्र पाच दिवसांपूर्वी आलं. बारापैकी सातच खांब बदलायचे आहेत, हे चांगलं झालं. लटारूचा भाऊ सहीला तयार आहे, तेही. शेवटी एक ओळ तू वेगळ्या शाईनं लिहिली आहेस, म्हणजे बहुतेक दुसऱ्या दिवशी.

‘भाडेकरूला आपली जात आधी सांगावी की राहायला आल्यानंतर? तुम्ही काय करता?’

धानोऱ्यात तुला सगळे ओळखतात, तुला हा प्रश्न पडायचं कारण नाही, असं मी पहिल्यांदा मनात म्हटलं. मग कळलं की खोल्यांसाठी येतील ते बाहेरगावचे असतील, बदलीचे. त्यांना ठाऊक नसणार. प्रश्न अगदी कामाचा आहे. आणि आम्ही काय करतो, हे मी तुला लिहायचं टाळून चांगली दोन पत्रं लिहिली.

आम्ही सांगत नाही.

आमचं आडनाव बोरकर. बोरकर आपल्यातही आहेत आणि कुणब्यांतही, आणखीही कुणाकुणांत आहेत. गावात आमच्या घराची जागाच सांगते आम्ही कोण ते, गडचिरोलीत जागा काही सांगत नाही. आशाबाईंच्या यजमानांनी पहिल्या दिवशी विचारलं, "बोरकर म्हणजे कोन्या बाजूचे?" मी म्हटलं, "धानोऱ्याकडचे." त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलले नाही. गेली तीन वर्षं मी हेच वाक्य स्वतःला ऐकवते आहे.

त्यांना खोली दाखवायच्या आदल्या दिवशी बैठकीत बाबासाहेबांचा फोटो होता तो मी काढला. बाबांना म्हटलं, भिंत ओली आहे, फोटो खराब होईल, वाळली की लावू. बाबांनी भिंतीवर हात ठेवला. रुखमा, तीस वर्षं भिंती बांधणाऱ्या माणसाचा हात. भिंत खडखडीत कोरडी होती. त्यांनी तो तसाच थोडा वेळ ठेवला, मग फोटो घेऊन आतल्या खोलीत गेले आणि तांदळाच्या कोठीवर लावला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चौदा एप्रिलला आम्ही दर वर्षी गावी जातो. भाडेकरूंना सांगतो, लग्नाला चाललो. मागच्या वर्षी आशाबाई आईला म्हणाल्या, "गिरजाबाई, तुमच्याकडे दरसाल एकाच तारखेले लगन असते वाटते! मुहूर्त पक्काच ठरवून ठेवला काय?" आई घाबरून म्हणाली, "हो न वो, आमच्याकडे पोरीच लय." मग बसमध्ये आई आणि मी हसत होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबा पुढच्या सीटवर होते. ते मागे वळले नाहीत.

तू विचारलंस त्याचं उत्तर, आधी की नंतर, मला द्यायला हवं. पण ज्यानं दोन्हीपैकी काहीच केलं नाही त्यानं सल्ला कसा द्यावा? बाबा खिळा टोचून पाहिल्याशिवाय खांबाबद्दल बोलत नाहीत. मला थोडे दिवस दे.

भिंतीला कुट्टी मिसळलेली माती वापर, धानाच्या तणसीची. नुसत्या मातीला भेगा पडतात.

कमळा


गडचिरोली
७ एप्रिल १९८६

प्रिय रुखमा,
सप्रेम जय भीम.

तू माझ्या उत्तराची वाट पाहत असशील, ते अजून नाही. त्याच्याआधी दुसरं लिहायला हवं. परवाच्या वर्षीच्या आषाढातलं. तुला ते ठाऊक आहे, तू होतीसच. पण तुला अर्धंच ठाऊक आहे.

त्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून पायी आलात. मायला दर आठ दिवसांनी डोळा दाखवायला सांगितलं होतं, तीन महिने. पावसात नाल्यावरून पाणी गेलं की धानोऱ्याची एस.टी. चार-चार दिवस येत नाही, म्हणून तुला तीन महिन्यांपुरती खोली हवी होती. हे तू मला फाटकावर सांगितलंस. पण तू सांगण्याआधीच मी तुम्हाला पाहिलं होतं. दूरवर वळणावर तुम्ही दोघी, माय तुझ्या खांद्याला धरून. मला पहिल्यांदा आनंद झाला, हे खरं आहे. आणि त्याच्या मागोमाग मनात आलं, या सरळ पुढे निघून गेल्या तर बरं. हेही खरं आहे.

विहिरीवर आशाबाई पाणी काढत होत्या. तू फाटकावरून ओरडलीस, "जय भीम वो, कमळे!" शाळेत ओरडायचीस तशी. मी नुसता नमस्कार केला. तू पाहिलंस. तू एकदम आवाज लहान केलास आणि मग काम सांगितलंस, परक्याला सांगावं तसं.

मी म्हटलं, खोल्या भरल्या.

कोपऱ्यातल्या खोलीचं दार चुना वाळावा म्हणून उघडं होतं. तुला आतली रिकामी जमीन दिसत होती. तू दाराकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस, आणि तुला काय कळलं ते मला कळलं. ती खोली त्यानंतर पाच आठवडे रिकामी होती. हे तुला ठाऊक नव्हतं. पाच आठवडे. दर आठ दिवसांनी मी मनात म्हणायची, आज मायची डोळा दाखवायची तारीख. आणि खोली झाडून घ्यायची.

मी तुम्हाला आत बोलावलं नाही. पाणी आणलं, फाटकावर. तुम्ही दोघी बाहेर उभ्या आणि मी आत, हातात लोटा. आपल्या आज्या-पणज्यांना लोकांनी दारात उभं करून पाणी दिलं, ते ऐकत आपण मोठ्या झालो. माय पाणी प्यायली आणि म्हणाली, "असू दे वो रुखमे, पोरीचीबी काही अडचन असन." माझा हात चाचपडत शोधून तिनं लोटा परत दिला.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. यापुढचं नाही.

तुम्ही गेल्यावर आशाबाईंनी विचारलं, "कोन वो त्या?" मी म्हटलं, "गावच्या आहेत. आमच्याकडे धानाच्या रोवण्याला येत होत्या."

रुखमा, आमची शेती नाही. आमच्याकडे कोणी कधी रोवण्याला आलेलं नाही. रोवण्याला माय जायची, दुसऱ्यांच्या बांधीत, दिवसभर चिखलात वाकून, आणि संध्याकाळी येऊन आधी मला जेवायला वाढायची, कारण मी दुसऱ्याची लेक. मी तिच्या त्याच कामाचं नाव घेऊन तिला माझी मजूर केली. इतकं चटकन सुचलं मला. विचारही करावा लागला नाही.

मला वाटायचं, मी हे भीतीनं केलं. खोल्या रिकाम्या राहतील, बाबांनी पहिलं घर विकून हे घेतलं आहे, आम्ही परत गावच्या टोकाला जाऊ. ते सगळं खरं होतं. पण ‘रोवण्याला येत होत्या’ हे म्हणायची गरज नव्हती. ‘ओळखीच्या आहेत’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते मला जास्तीचं सुचलं, आणि म्हणताना मला बरं वाटलं. एक क्षणभर, पण वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मायचा डोळा कशानं गेला ते डॉक्टर सांगतील. खोली मिळाली असती तर राहिला असता की नाही, ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून मी सुटत नाही.

तू हे पत्र मायला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. दाखवलंस तर रोवण्याचं वगळू नकोस.

कमळा


गडचिरोली
२७ एप्रिल १९८६

प्रिय रुखमा,
सप्रेम जय भीम.

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत नाही असं लिहिणार होते, पण पाहते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. आधी सांग. खोली दाखवताना सांग, गळतं कुठे हे सांगतेस त्याच वेळी, किल्ली देण्याच्या आधी. खोली जास्त दिवस रिकामी राहील. ज्याला जायचं तो जाईल, पण सामान आणायच्या आधी जाईल. न सांगता ठेवलास तर जाणार नाही, पण मग फाटकावर कोण आलं ते बघायला दर वेळी तुझी छाती धडधडेल, आणि ज्यांना पाहून आनंद व्हायचा त्यांनाच पाहून धडधडेल.

हे मी करून पाहून लिहिते आहे. चौदा तारखेला आम्ही गावी निघालो तेव्हा आशाबाई ओट्यावर होत्या. म्हणाल्या, "चालल्या काय लग्नाले?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लग्न नाही, जयंती आहे. आम्ही बौद्ध आहोत." आईच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यात डबा होता, झाकण उघडून सगळ्या ओट्यावर वरण.

आशाबाईंनी आधी वरणाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, "मंग त्या बाया? त्या वर्षी फाटकावर आल्या होत्या, एकीले दिसत नव्हतं. त्याबी तुमच्यातल्याच?"

इतक्या दिवसांनंतर त्यांना तेच आठवलं. मी हो म्हटलं.

"पन तुम्ही त म्हटलं, रोवन्याले येत होत्या."

"नव्हत्या येत. मी त्यांच्या घरी राहून शिकले."

"अन् तुम्ही त्याईले भाएर उभं ठेवलं?" आशाबाई म्हणाल्या. "मायबाई! म्या तुमचं वागनं पाहून समजली का त्याच तशा कोनी असतीन, तुम्ही नाई. मी त माया घरच्याले असं नसतं केलं वो."

असं म्हणाल्या आणि आठव्या दिवशी खोली सोडून गेल्या. यजमानांनी पाण्याची अडचण सांगितली. जाताना आईच्या दोन वाट्या त्यांच्याकडे होत्या, त्या त्यांनी राखेनं लख्ख घासून ओट्यावर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत. मी त्यांच्याबद्दल वाईट लिहू शकत नाही. त्या जशा आहेत तशा त्यांनी मला खरं सांगितलं, आणि मी जशी आहे तेही. पलीकडच्या खोलीत दोघे मास्तर राहतात, बिनलग्नाचे. त्यांना सांगितलं तर मोठे म्हणाले, "ठीक आहे बाई, पण न्हाणीचं पाणी अंगणात येते, त्याचं पहिले पाहा." तर असं. एक गेला, एक राहिला. घर आहे तिथेच आहे.

आता खरं सांगायचं ते. गावाहून आल्यावर बाबांनी विचारलं, "आशाबाई कोन्या बायांचं बोलत होती?" त्यांनी ओट्यावरचं सगळं ऐकलं होतं. मी त्यांना तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. पाच आठवड्यांचंही. तुम्ही आला होतात हेच त्यांना माहीत नव्हतं. मायचा डोळा गेला हेही मी त्यांच्यापासून लपवलं होतं. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते, तेवढी ओळ मी गाळली होती.

ते रागावले नाहीत. फोटोच्या वेळीही रागावले नव्हते. म्हणाले, "भित कोरडी होती, मले मालूम होतं. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. माहीबी चूक हाये." मला वाटलं होतं त्यांनी असं म्हटलं की माझ्यावरचं ओझं निम्मं होईल. वाढलं.

आज सकाळी त्यांनी ओळंबा, करणी, थापी, सगळं पोत्यात बांधलं. मी म्हटलं, कुठे? "धानोऱ्याले. लटारूचं घर मिरगाच्या आंधी उभं झालं पाह्यजे. एकटी मास्तरीन काय काय करन?" आईनं भाकरी बांधून दिल्या. मी विचारलं, मी येऊ का? माती तुडवायला तरी येते. ते चपला घालत होते.

"तू नको. ज्याईच्या दारी जाचं त्याईले आंधी पुसा लागते. मी पुसतो."

ते आता बस स्टँडवर गेले आहेत. बसला तास आहे, तेवढ्यात हे लिहून त्यांच्या हाती द्यायला मी धावत जाणार आहे. त्यांना तुझ्या ओट्यावर झोपू दे, आत झोपणार नाहीत. काम करताना त्यांच्याशी बोलू नकोस, ओळंबा धरला की ते श्वासही घेत नाहीत. सात खांबांपैकी एखादा दुरुस्त होण्यासारखा असेल तर तो ते वाचवतील, त्यांचं ऐक.

ते पुसतील तेव्हा तू आणि माय काय म्हणाल ते म्हणा. मी यावं की येऊ नये, जे असेल ते. फक्त चिठ्ठी लिहून देऊ नकोस. चिठ्ठी आणली तर त्यांना ती मीच वाचून दाखवणार, आणि वाचताना एखादा शब्द मी मऊ करीन. माझा भरवसा नाही, हे तुला आता माहीत आहे. त्यांना तोंडी सांग. बाबांना अक्षर येत नाही, पण ऐकलेलं ते जसंच्या तसं आणतात.

कमळा